चौतीस ताटे : अडलेल्या कादंबरीच्या कामाच्या नोंदी

१२ जून २०२३

अकरा आठवड्यांनंतर आज कादंबरीचे बाड बाहेर काढले. या कामाचे हे चौथे वर्ष आहे. पहिल्या भागाची अकरा प्रकरणे लिहून झाली आहेत आणि ती १७ जानेवारी १९८२ च्या रात्री संपतात. दुसऱ्या भागाला मी चार वेळा हात घातला आणि चारही वेळा तीस-चाळीस पानांपुढे सरकू शकले नाही. विचारणाऱ्याला मी ‘गिरणी संपावरची कादंबरी’ असे सांगत आले आहे, परंतु ती आहे लालबागमधल्या एका खानावळवालीची. दहा बाय बाराच्या खोलीत चौतीस गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणारी ही बाई आहे आणि तिला सगळे मावशी म्हणतात.

कादंबरीचे मूळ बाबांच्या एका वाक्यात आहे. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात होते आणि आई गावी असल्यामुळे १९७३ पासून संपापर्यंत, म्हणजे नऊ वर्षे, ते एकाच खानावळीत जेवले. एकदा मी त्या बाईंचे नाव विचारले, तेव्हा हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, “मावशी म्हणायचो. नाव कधी विचारलंच नाही गं.” त्या रात्री मी पहिले पान लिहिले आणि ते पान अर्पणपत्रिकेचे होते : बाबांना.

त्या दिवसांतले प्रेम मला स्पष्ट आठवते. कचेरीतून डोंबिवलीला परतताना उभ्याने, एका हाताने, तिकिटाच्या मागे वाक्ये लिहिलेली आहेत. आता बाड समोर ठेवले की छातीवर ओझे आल्यासारखे होते, आणि हे मान्य करायला मला अकरा आठवडे लागले. कादंबरी सोडायची नाही, हे मी ठरवलेले आहे. मात्र निश्चयाच्या जोरावर ओढत नेलेले पुस्तक वाचणाऱ्याला कळते, आणि तसे पुस्तक मला मावशीवर लिहायचे नाही. म्हणून या नोंदी. पाने किती झाली याचा हिशेब येथे ठेवणार नाही. काम कोठे अडले, आणि अडलेले असतानाही त्यातल्या कशाकडे मन गेले, एवढेच लिहीन.

१५ जून २०२३

पहिला भाग मोठ्याने वाचून काढला. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. तो भाग चालतो. का चालतो, हे मी आजवर तपासले नव्हते. आज तपासले, तेव्हा कारण घड्याळाचे निघाले.

गिरणीच्या तीन पाळ्या असत : सकाळी सात ते दुपारी साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सकाळी सात. मावशीचा सगळा दिवस या तीन वेळांना बांधलेला आहे. पहिल्या पाळीचे डबे साडेसहाच्या आत भरायचे म्हणून तिचा स्टोव्ह पहाटे साडेतीनला पेटतो. दुसऱ्या पाळीचे गडी तीनच्या आत जेवून उठले पाहिजेत. पहिल्या पाळीचे रात्री आठला पंगतीला बसतात, तिसऱ्या पाळीचे दहाला, आणि दुसरी पाळी सुटून येणाऱ्यांसाठी मध्यरात्रीनंतर भाकऱ्या फडक्यात झाकून ठेवायच्या असतात. मावशी सलग चार तास कधीच झोपत नाही. हे मी कोठेही सांगितलेले नाही, पण अकरा प्रकरणांतल्या प्रत्येक वाक्याला त्याची घाई लागलेली आहे. भोंगा वाजण्याआधी वाक्य संपवायचे, अशा रीतीने ती वाक्ये लिहिली गेली आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. माझा दुसरा भाग नेमका तेथे कोसळतो. मावशीला काळ मोजायला काही उरले नाही, आणि तिच्यासाठी दुसरे घड्याळ शोधण्याऐवजी मी त्या जागी इतिहास भरत गेले.

१ जुलै २०२३

ग्रंथालयात बसून १९८२ ची वर्तमानपत्रे पुन्हा चाळली, आणि त्यांच्या आधारे लिहिलेली चाळीस पाने आज रद्द केली.

त्या पानांत चुकीचे काही नव्हते. सुमारे अडीच लाख कामगार आणि साठच्या आसपास गिरण्या, डॉ. दत्ता सामंत यांचे नेतृत्व, मान्यताप्राप्त असलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि वाटाघाटीचा हक्क त्या एकाच संघटनेला देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, हे सारे क्रमाने आणि नेमके मांडलेले होते. तो कायदा रद्द व्हावा ही संपातली मोठी मागणी होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय संप समजत नाही, असे मला आजही वाटते. तरीही ती पाने वाचताना मावशी खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून बसल्यासारखी दिसते. चाळीस पानांत तिला एकदाही तहान लागत नाही.

आज एक नियम केला : जी गोष्ट मावशीच्या उंबऱ्यापर्यंत आली नाही, ती कादंबरीत येणार नाही. हा नियम आधी भीतिदायक वाटला, कारण त्याने संपाचे राजकारण हातातून जाईल असे वाटले. मग बदली कामगारांचा विचार केला. बदलीवाला सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राहतो. कोणी गैरहजर असेल तर त्याला काम, नाहीतर तो आठच्या आत खानावळीत परत, आणि हातातला भरलेला डबा तेथेच बसून खाणार. त्या दिवसाची मजुरी नाही, पण जेवण तर झालेले आहे. अशा गड्यांना मावशी वर्षानुवर्षे उधारीवर सांभाळते. त्यांना कायम करावे, ही संपाची एक मागणी होती. म्हणजे ती मागणी सभेत मांडली जाण्याच्या कितीतरी आधीपासून मावशीच्या उधारीच्या वहीत नोंदलेली होती. चाळीस पानांच्या जागी आता दीड पान आहे. परत आलेल्या डब्याचे झाकण उघडताना त्याला आतून नुसते वाफेच्या पाण्याचे थेंब दिसतात, तेथे ते थांबते.

या दीड पानाने आज मला आनंद दिला, हे नोंदवून ठेवते.

९ जुलै २०२३

काही झाले नाही. बसले होते.

२३ जुलै २०२३

गेले दहा दिवस दुसरी एक कादंबरी डोक्यात घोळते आहे. कोकणातल्या एका खाडीवरची तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, ती चालवणारे दोन भाऊ आणि त्यांच्या डोक्यावरून जाऊ घातलेला पूल. तिची पहिली ओळसुद्धा सुचली, आणि रेल्वेत उभ्याने तिकिटावर लिहावी तशी ती मी लिहिली. हात तसाच थरथरला. मला वाटले, लिहिणाऱ्याचा जीव अजून शाबूत आहे आणि तो फक्त मावशीवरून उठला आहे.

मात्र आज त्या नव्या कादंबरीकडे नीट पाहिले. त्या दोन भावांविषयी मला काहीही ठाऊक नाही. ते काय खातात, कोणाचे देणे लागतात, रात्री कोणत्या कुशीवर झोपतात, काही म्हणजे काही माहीत नाही, आणि ओढ वाटते ती यामुळेच. उलट मावशीविषयी मी इतक्या गोष्टी ठरवून बसले आहे की तिला विचारण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. तिचा शेवटही मी पहिल्याच वर्षी ठरवला होता. जिच्याविषयी सगळे कळलेले आहे असे आपण धरून चालतो, तिच्याकडे आपण पाहतच नाही. घरातल्या माणसांच्या बाबतीतही हेच घडते, आणि बाबांचे नऊ वर्षांचे जेवण हे त्याचेच उदाहरण आहे. मावशीला नाव न विचारणारे बाबा आणि तिला प्रश्न न विचारणारी मी यांत फार अंतर नाही.

तरीवाल्या भावांचा कागद एका पाकिटात घालून पाकीट चिकटवले. त्यांना मी नाकारलेले नाही. पण यापुढे दर आठवड्याला मावशीविषयी मला माहीत नसलेली एक गोष्ट शोधायची आहे, आणि ती कल्पनेने भरण्याआधी काही दिवस तशीच रिकामी ठेवायची आहे.

६ ऑगस्ट २०२३

या आठवड्याचा प्रश्न : मावशी पाठमोरी असताना, कोण जेवायला आले हे तिला कसे कळे?

बाबांना विचारले. ते लगेच म्हणाले, “आवाजावरून.” साचेखात्यात शेकडो साचे एका वेळी धडधडत असतात, आडवे सूत वाहून नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे आपटत राहतो, आणि त्या गदारोळात शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. पाळी सुटली तरी आवाज खाली येत नाही. त्यामुळे साचेखात्यातला माणूस आमटी मागतानाही भांडल्यासारखा मागतो. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटे की पंगतीत तंटा चालू आहे.

मग ते आपणहून पुढे बोलले. संप सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी एके दिवशी पंगत अगदी हळू आवाजात जेवत होती. सगळ्यांचे कान आणि घसे माणसांसारखे झाले होते. तेव्हा मावशी मागे वळून म्हणाली होती, “अरे, आहात ना रे?”

मी चार वर्षे या माणसाच्या समोर जेवते आहे आणि हे वाक्य मला आज मिळाले. रात्री झोप आली नाही. हाच तो जुना जागरणाचा प्रकार होता, आणि तो मी ओळखला.

२७ ऑगस्ट २०२३

घड्याळ सापडले आहे असे वाटते, आणि ते ताटांचे आहे. दुसऱ्या भागातल्या प्रकरणांना तारखा नाहीत, महिने नाहीत. त्या प्रकरणात मावशी किती ताटे मांडते, तो आकडा हेच प्रकरणाचे नाव. चौतीस, एकतीस, सत्तावीस. संप लांबत गेला तसे हजारो कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी निघून गेले. शेती होती, तेथे निदान भाकर होती. गावाकडच्या तांदळावर मुंबईतला संप कसा तगला, याचा हिशेब मावशीच्या खोलीत उलट्या बाजूने दिसतो : एक गडी गावी गेला की एक ताट फळीवर चढते आणि खाली येत नाही.

हे घड्याळ भोंग्यासारखे वाजत नाही. पुढचे ताट केव्हा कमी होईल हे मावशीला माहीत नाही आणि मलाही नाही, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी मला तिच्याइतकेच मोजावे लागते. यात एक तांत्रिक अडचण निघाली. काही गडी परत येतात, म्हणजे आकडा मध्येच वाढतो. आधी मी ते टाळणार होते, कारण उतरत जाणारी रांग वाचायला सुबक दिसते. पण एकवीसनंतर तेवीस येते, आणि त्या दोन ताटांनी मावशीला जी आशा लावली तिच्यासारखी क्रूर गोष्ट कादंबरीत दुसरी नाही. सुबकपणा सोडला.

‘तेवीस’ हे प्रकरण १८ ऑगस्ट १९८२ चे आहे. त्या दिवशी मुंबईच्या पोलिसांनी बंड केले आणि गिरणगावात संपकरीही रस्त्यावर उतरले. उंबऱ्याचा नियम पाळून मी त्यातले एवढेच घेतले : भात शिजून तयार आहे, बाहेर धावपळ ऐकू येते, दार आतून लावलेले आहे, आणि तेवीस ताटे वाढून ठेवलेली असताना पंगतीला सहाच गडी आहेत. उरलेल्या भाताचे काय करायचे, हा प्रश्न ती रात्रभर सोडवते. पूर्वी हाच प्रसंग मी एकोणीस पानांत लिहिला होता आणि त्यात ती कोठेच नव्हती.

२४ सप्टेंबर २०२३

गणपतीच्या दर्शनाला मैत्रीण आली होती. हस्तलिखित पहिल्यांदा वाचणारी तीच आहे, आणि ती गोड बोलत नाही म्हणूनच मी तिला वाचायला देते. नवी प्रकरणे तिने ठेवून घेतली. मात्र बोट ठेवले ते जुन्या, पहिल्या भागातल्या सातव्या प्रकरणावर, जे मी पक्के समजत होते.

१९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने खानावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि सावकाराच्या व्याजात रुतलेल्या या बायकांसाठी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाची वाट निघाली. माझी मावशी सातव्या प्रकरणात याच कर्जासाठी जन्मात पहिल्यांदा बँकेची पायरी चढते. काउंटरमागचा माणूस विचारतो, “नाव?” आणि मी लिहिले आहे : ‘तिने नाव सांगितले.’ पुढच्या ओळीत अंगठ्याला शाई लागते.

मैत्रिणीने विचारले, “काय सांगितलं तिने?”

मला उत्तर देता आले नाही. चार वर्षांत मी तिला नाव दिलेले नाही, आणि त्या एका वाक्यात मी ते झाकून पुढे गेले आहे. मावशीला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी नाव विचारतो, आणि तेवढ्याच क्षणी लेखिका नजर फिरवते. दुसऱ्या भागातल्या अडचणींपेक्षा ही चूक मोठी आहे. लगेच एखादे नाव घालून मोकळे होणे सोपे होते. रिकाम्या जागेचा नियम आठवला आणि ‘तिने नाव सांगितले’ ही ओळ पेन्सिलीने खोडून पुढे कोरी जागा सोडली.

८ ऑक्टोबर २०२३

आज बाबांनी जे सांगितले ते त्यांच्याच क्रमाने लिहून ठेवते, कारण हा क्रम बदलण्याचा मोह मला होणार आहे.

मी त्यांना विचारले होते की उधारीची वही कोण लिहीत असे, कारण मावशीला अक्षर येत नव्हते. ते म्हणाले, वही तीच ठेवी. प्रत्येकाला एक पान होते आणि पानाच्या माथ्यावर त्या माणसाची खूण काढलेली असे. कोणाला नारळ, कोणाला छत्री, एका पैलवान गड्याला गदा. खाली जेवणाच्या रेघा. बाबांच्या पानावर होडी होती. आमचे गाव संगमेश्वर तालुक्यातले, खाडीकाठचे, म्हणून होडी.

मग ते बराच वेळ गप्प राहिले. मी उठून चहा ठेवला. चहा समोर आल्यावर त्यांनी सांगितले की मे १९८२ मध्ये ते गावी गेले, तेव्हा फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल अशा तीन महिन्यांच्या जेवणाचे पैसे द्यायचे राहिले होते. मावशीला त्यांनी दहा दिवसांत येतो असे सांगितले. ते परत आले १९८४ मध्ये. गिरणीत पुन्हा घेतले नाही, म्हणून रखवालदारीचे काम धरले, आणि पहिला पगार घेऊन खानावळीत गेले, तर त्या खोलीत दुसरे बिऱ्हाड होते. शेजाऱ्यांना विचारायचे तर कोणाविषयी विचारायचे? लालबागमध्ये मावशी नावाच्या किती बायका! त्यांनी दोन-तीन दारे ठोठावली आणि परत आले.

रक्कम त्यांनी रुपये-पैशांसकट सांगितली.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आले, तेही येथे प्रामाणिकपणे लिहिते. मला वाईट वाटण्याच्या आधी कादंबरीचा विचार आला. एकतीस ताटांच्या प्रकरणात गावी निघून जाणारा एक गडी आहे, आणि त्याच्याविषयी मी भरभरून करुणेने लिहिले आहे : एसटीची खिडकी, मागे पडणारे शहर, डोळ्यांतले पाणी. ते सगळे निघताना त्या गड्याला स्वतःविषयी जे वाटले असेल ते आहे. फळीवर चढलेल्या ताटाखाली राहिलेल्या रेघा त्यात नाहीत.

९ ऑक्टोबर २०२३

अर्पणपत्रिकेचे पान काढून टाकले. बाबांवर राग धरून काढलेले नाही. कादंबरीत ते आता देणेकरी आहेत, आणि मावशीच्या पुस्तकाच्या दारात देणेकऱ्याचे नाव आधी यावे हे मला पटेना.

५ नोव्हेंबर २०२३

एकतीस ताटांचे प्रकरण पाचव्यांदा लिहिते आहे. तीन आठवड्यांत हाती लागली ती सहा पाने.

अडचण अशी की तो निघून गेल्यावर मावशी काय करते, हे मला कळत नाही. ती क्षमा करते, असे मी आधी लिहिले; ते खोटे वाचले जाते, कारण त्या क्षमेने बाबांना आणि मला बरे वाटते, तिला काहीच मिळत नाही. मग ती चिडते, असे लिहिले. ते शक्य आहे, पण चौतीस माणसांना उधारीवर जेवू घालणारी बाई एका माणसावर किती दिवस चिडेल? तिच्यापुढे रॉकेलचा प्रश्न आहे, पिठाचा आहे, बँकेच्या हप्त्याचा आहे. आजच्या मसुद्यात ती त्याच्या पानाची घडी घालते. पान फाडत नाही, कारण वहीची शिवण सैल होईल, आणि रेघा पुढे चालू ठेवायच्या नाहीत म्हणून नुसती घडी. हे बरोबर आहे की नाही ते ठरवता येत नाही, पण तिचा हात मला दिसतो आहे.

काम पूर्वीइतकेच हळू चालले आहे आणि पूर्वीइतकेच अवघड आहे. फरक पडला तो एवढाच की कचेरीत दुपारी अचानक आठवते, ‘घडी आतल्या बाजूला घालील की बाहेरच्या?’, आणि संध्याकाळ कधी होते असे वाटू लागते. चार वर्षांपूर्वी मी ज्या पुस्तकावर जीव लावला होता त्याला मुखपृष्ठ होते, प्रकाशनसमारंभ होता, पहिल्या रांगेत बसलेले बाबा होते. ते पुस्तक मला आता फारसे आठवत नाही. ज्याचे पुढचे वाक्य मला ठाऊक नाही असे दुसरेच एक पुस्तक समोर आहे, आणि माझा जीव त्याच्यात गुंतला आहे.

२६ नोव्हेंबर २०२३

शेवट काढून टाकला.

पहिल्याच वर्षी ठरवलेला शेवट असा होता की संप संपतो, गिरणीचा भोंगा पुन्हा वाजतो, आणि पंगतीला कोणीच नसताना मावशी सवयीने स्टोव्ह पेटवते. हा शेवट मी कित्येकांना सांगितला होता आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून येत असत. पण हा संप कोणत्याही दिवशी संपलेला नाही. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, काही कधीच झाल्या नाहीत, ऑक्टोबर १९८३ मध्ये १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले, आणि कित्येक कामगारांना पुन्हा दारातून आत घेतले गेले नाही. ज्या सकाळवर माझा शेवट उभा होता, ती सकाळ गिरणगावात कोणाला दिसलीच नाही. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होते, तरी डोळे भरून येतात म्हणून मी तो शेवट जपला.

दुसऱ्या भागाचे चारही मसुदे या शेवटाकडे ओढत नेताना मोडले होते, असे आता दिसते. त्या जागी काय येईल ते माहीत नाही. ताटे मोजत जायचे.

१७ डिसेंबर २०२३

कोऱ्या जागेत आज नाव लिहिले.

मधल्या काळात एक प्रतिमा मनात घर करून होती. लग्नात नवरीचे नवे नाव ताटातल्या तांदळात लिहितात. जन्मभर तांदूळ मोजणाऱ्या आणि अक्षर न येणाऱ्या बाईचे नाव तांदळात लिहिले गेले, ते तिला वाचता आले नाही, आणि कोणीतरी तेच तांदूळ उचलून ठेवले. ही प्रतिमा सुचली तेव्हा मी उठून घरभर फिरले होते. पण मावशीच्या कुळवाडी घरात त्या काळी ही चाल असेल असे मला वाटेना. बाबांना विचारले, तर ते म्हणाले की त्यांच्या वाडीत असे काही नसे. सासू ज्या नावाने हाक मारी तेच नाव पडे. एवढी देखणी गोष्ट हातची सोडताना त्रास झाला. मात्र ती मावशीच्या अंगावर दुसऱ्याचा दागिना घातल्यासारखी दिसली असती.

सासूने हाक मारली त्या नावात उत्तर सापडले. मावशीला नावे दोन आहेत. रेशनकार्डावर सुभद्रा आहे, सासरचे. माहेरचे येसू, आणि त्या नावाने हाक मारणारे मुंबईत कोणी नाही. बँकेतला माणूस विचारतो तेव्हा ती लगेच बोलत नाही, आणि रांगेतल्या बायकांना वाटते की ती घाबरली. ती दोन नावांपैकी कोणते द्यायचे याचा विचार करते आहे. कर्ज मिळायचे तर कार्डावरचेच द्यायला हवे, हे तिला कळते, आणि ती ‘सुभद्रा’ म्हणते. दुसरे नाव ती कोणालाच सांगत नाही. ते फक्त वाचणाऱ्याला आणि मला माहीत आहे.

बाबांना हे प्रकरण वाचून दाखवले. त्यांनी ऐकले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “सुभद्रामावशी.” चुकीचे आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, खऱ्या बाईंचे नाव अजूनही आमच्या घरात कोणाला माहीत नाही. तरी त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले.

२१ जानेवारी २०२४

अकरा ताटांचे प्रकरण परवा पुरे झाले. पुढचे सात की आठ, हे ठरलेले नाही.

बाबांना त्यांच्या पानावरची खूण काढून दाखवायला सांगितली. त्यांनी विजेच्या बिलामागे, हात कापत असल्यामुळे सावकाश, दोन बाकदार रेघा काढल्या : दोन्ही टोके निमुळती, मध्ये फुगीर. मी तो कागद हातात घेतला आणि पाहतच राहिले. साच्यावरचा धोटा नेमका याच आकाराचा असतो. बाबा साचेखात्यात होते. मावशीने त्यांच्या गावाची होडी काढली होती की त्यांच्या कामाचा धोटा, हे त्यांनी नऊ वर्षांत विचारले नव्हते. होडी हे त्यांनीच धरून चालले होते.

मी विचारले, “बाबा, शीड काढलं होतं का तिने? वल्हं?” त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिले आणि मान हलवली. मग कागद माझ्याकडून परत घेतला, चष्मा लावला आणि त्या दोन रेघांकडे बराच वेळ पाहत बसले.

एकतीस ताटांच्या प्रकरणात ‘होडी’ हा शब्द चार ठिकाणी आहे. आज चारही ठिकाणी तो काढून ‘खूण’ केला. घडी घालताना मावशीचे बोट त्या खुणेवरून जाते, तेथे आणखी एक वाक्य हवे आहे, ते उद्या.